बगदादचा टपालवाला आणि चिंचणीचा ताम्रपट

शालेय विज्ञान प्रदर्शनांना आणि वक्तृत्व स्पर्धांना परीक्षक म्हणून जाण्याचे प्रसंग अधूनमधून येतात. तेथे अब्बासी खिलाफतीविषयी दोन वाक्ये हमखास कानावर पडतात. दादर, परळ, लालबागच्या शाळांत ऐकू येते ते असे : ‘शून्य आणि अंक आपले, अरबांनी ते फक्त युरोपात पोचवले.’ नागपाडा, मदनपुऱ्याच्या शाळांतले वाक्य असे : ‘आधुनिक विज्ञान बगदादमध्ये जन्मले, युरोपने ते आपल्या नावावर खपवले.’ या दोन शाळांमध्ये बसचे फार तर पाचसहा थांबे असतील. मुलांना दोष देण्यात अर्थ नाही. त्यांनी ही वाक्ये मोठ्यांकडूनच उचललेली असतात आणि टाळ्याही मोठेच वाजवतात. एका वाक्यात अरब हा टपालवाला ठरतो, दुसऱ्यात तो साऱ्या ज्ञानाचा जनक ठरतो. विज्ञानाच्या शिक्षकाला या दोहोंचे काय करावे हा प्रश्न पडतो, कारण दोन्ही वाक्यांत थोडे थोडे खरे आहे आणि दोन्ही वर्गात तशीच सोडून देणे धोक्याचे आहे.

जिम अल-खलीली यांचे ‘पाथफाइंडर्स’ (२०१०) हे इंग्रजी पुस्तक या दृष्टीने वाचण्यासारखे आहे. लेखक बगदादमध्ये जन्मलेला, इंग्लंडमध्ये सरे विद्यापीठात काम करणारा अणुभौतिकशास्त्रज्ञ आहे. २००९ मध्ये त्याने बीबीसीसाठी याच विषयावर माहितीपटाचे तीन भाग सादर केले होते. पुस्तकाची भाषा सोपी आहे आणि लेखकाला विषयाचे प्रेम आहे. मुख्य म्हणजे तो सुरुवातीलाच शब्द नीट निवडतो. ‘इस्लामी विज्ञान’ किंवा ‘अरबांचे विज्ञान’ न म्हणता तो ‘अरबी विज्ञान’ म्हणतो, कारण यात काम करणारे सगळे अरब नव्हते आणि सगळे मुसलमानही नव्हते. त्यांची लिहिण्याची भाषा मात्र अरबी होती. गॅलनचे ग्रंथ भाषांतरित करणारा हुनैन इब्न इसहाक हा नेस्टोरियन ख्रिस्ती होता. थाबित इब्न कुर्रा हा हर्रानचा, ग्रहांची उपासना करणाऱ्या साबियन पंथाचा. खलिफांचे वजीर असलेले बरमकी घराणे मूळचे बल्खच्या ‘नवविहार’ या बौद्ध मठाचे प्रमुख. ‘बरमक’ हा शब्दच संस्कृत ‘प्रमुख’वरून आलेला मानतात. एवढा एक मुद्दा वर्गात पोचला तरी पुस्तकाची किंमत वसूल झाली असे मी म्हणेन.

माझी तक्रार पुढे सुरू होते. अशा प्रकारच्या सगळ्याच लोकप्रिय लेखनाप्रमाणे येथेही एक राजघराणे आणि त्यातला एक राजा कथेचा नायक होतो. अब्बासी घराण्याने ७५० मध्ये उमय्यांना हटवून सत्ता घेतली, खलिफा अल-मन्सूरने ७६२ मध्ये बगदाद वसवले आणि त्याचा पणतू अल-मामून (८१३ ते ८३३) याच्या काळात भाषांतरांना बहर आला. येथपर्यंत वाद नाही. परंतु मामूनचे ‘बैत-अल-हिक्मा’, म्हणजे ज्ञानगृह, हे आजच्या संशोधन संस्थेसारखे होते, तेथे पगारी विद्वान एका छताखाली भाषांतरे आणि प्रयोग करीत, हे चित्र कितपत खरे? दिमित्री गुटास यांनी १९९८ च्या आपल्या ग्रंथात मूळ साधने तपासून दाखवले, की या ज्ञानगृहाचे उल्लेख थोडे आणि त्रोटक आहेत. ते बहुधा इराणी पद्धतीचे राजग्रंथालय असावे. ग्रीक हस्तलिखितांसाठी गावोगाव कसे फिरलो याची तपशीलवार हकिकत लिहिणारा हुनैन त्यात या ज्ञानगृहाचे नावही काढत नाही. भाषांतरांचा खर्च खलिफांप्रमाणेच वजीर, वैद्य, सरदार आणि बनू मूसा नावाने ओळखले जाणारे तीन श्रीमंत गणिती भाऊ करीत होते. अल-खलीलींना या आक्षेपांची जाणीव आहे, तरी त्यांचे मन ज्ञानगृहातच रमते. मला मात्र गुटास यांचे चित्र अधिक पटते, आणि अधिक महत्त्वाचेही वाटते. एका राजाच्या लहरीने फुललेले विज्ञान त्याच्याबरोबर संपले असते. हे काम दोनशे वर्षे चालले, कारण समाजातल्या अनेकांना त्याची गरज होती : वैद्यांना औषधांची, जमाखर्च लिहिणाऱ्यांना अंकगणिताची, वारसाहक्काच्या वाटण्या करणाऱ्यांना बीजगणिताची, आणि ज्योतिषांना ग्रहगणिताची. आठव्या शतकाच्या अखेरीस बगदादमध्ये कागद तयार होऊ लागला होता, ही गोष्टही खलिफाला पडलेल्या ॲरिस्टॉटलच्या स्वप्नापेक्षा निश्चितच वजनदार आहे.

शिवाय ज्याला बुद्धिवादी राजा म्हणून मिरवले जाते, त्याच मामूनने ८३३ मध्ये एका धर्मशास्त्रीय मतासाठी काझी आणि पंडितांची चौकशी सुरू केली. अहमद इब्न हनबल यांना तुरुंगात जावे लागले. वर्गात मामूनचे चरित्र सांगायचे तर हेही सांगावे लागेल.

आता विज्ञानाच्या शिक्षकाला अधिक जवळची गोष्ट घेऊ. मामूनने पृथ्वीचा परीघ मोजवला, ही या कथेतली सर्वांत रंगणारी घटना. त्याचे कारणही सुंदर आहे. टॉलेमीच्या ग्रंथात परीघ ‘स्टेड’ या ग्रीक एककात दिला होता. स्टेड म्हणजे नेमके किती, असे मामूनने जाणकारांना विचारले तेव्हा त्यांचे एकमत होईना. मग त्याने सांगितले, पुन्हा मोजा. आजच्या इराकमधील सिंजारच्या सपाट मैदानावर निरीक्षक गेले. ध्रुवाची उंची बरोबर एक अंशाने बदलेपर्यंत ते सरळ उत्तर-दक्षिण रेषेत अंतर मोजत गेले. उत्तर आले ५६ पूर्णांक दोन-तृतीयांश अरबी मैल.

लोकप्रिय पुस्तके आणि माहितीपट येथे लगेच जाहीर करतात, की हे उत्तर आजच्या मोजणीच्या एक टक्क्याच्या आत आहे. विद्यार्थ्यांना हा हिशेब स्वतः करायला लावावा. एक अरबी मैल म्हणजे ४००० हात. म्हणजे एक अंश सुमारे २,२६,६६७ हातांचा. हात ४९.३ सेंटिमीटरचा धरला तर उत्तर येते सुमारे १११.७ किलोमीटर. खरे अंतर त्या अक्षांशावर जवळजवळ १११ किलोमीटर आहे, तेव्हा शाबासकी द्यायला हरकत नाही. पण त्या काळच्या ‘काळ्या हाता’ची लांबी काही अभ्यासक ५४ सेंटिमीटर देतात. तो आकडा घेतला की उत्तर १२२ किलोमीटरच्या पुढे जाते आणि चूक दहा टक्क्यांवर पोचते. एक टक्का की दहा टक्के, हे मोजणाऱ्यांच्या कौशल्यापेक्षा आपण निवडलेल्या हातावर अवलंबून आहे! टॉलेमीचे एकक कळत नाही म्हणून मोजायला निघालेल्यांचे एकक हजार वर्षांनी आपल्याला कळेनासे झाले. एककाशिवाय राशीला अर्थ नाही, हे प्रयोगवहीत लाल शाईने लिहून लिहून थकलेल्या शिक्षकांना याहून चांगले उदाहरण मिळणार नाही. एक टक्क्याची बढाई मारून माहितीपटांनी ते वाया घालवले. त्या निरीक्षकांचे खरे मोठेपण पद्धतीत आहे. ग्रंथात दिलेला आकडा न मानता मैदानावर जाण्यात आहे.

मुंबईच्या विद्यार्थ्यांना एक अंश म्हणजे किती हे डोळ्यांपुढे आणायचे असेल, तर नकाशावर कुलाब्यापासून सरळ उत्तरेकडे बोट न्यावे. डहाणूच्या थोडे अलीकडे, तारापूरजवळ चिंचणी हे गाव लागते. कुलाबा ते चिंचणी हा फरक जवळजवळ एक अंशाचा आहे. चिंचणीकडे आपल्याला पुन्हा यायचे आहे.

त्याआधी टपालवाल्याची फिर्याद ऐकून घेऊ. ‘अरबांनी अंक फक्त पोचवले’ या वाक्यात ‘फक्त’ हा शब्द चुकीचा आहे. सुरुवातीची हकिकत आपल्याला सुखावणारीच आहे. ७७० च्या सुमारास सिंधमधून मन्सूरच्या दरबारी एक शिष्टमंडळ गेले. त्याबरोबर गेलेल्या ज्योतिष्याकडून संस्कृत सिद्धान्तग्रंथ मिळवून अल-फजारी वगैरेंनी त्याचे अरबी रूप केले. ते ‘सिंदहिंद’ म्हणून प्रसिद्ध झाले. हा ग्रंथ म्हणजे ब्रह्मगुप्ताचा ६२८ मधील ‘ब्राह्मस्फुटसिद्धान्त’च होता असे सर्रास लिहिले जाते. तो त्याच परंपरेतला दुसरा ग्रंथ असावा असे डेव्हिड पिंग्री यांचे मत होते. आपले अंक मात्र याच्याही आधी पश्चिमेला पोचले होते. ६६२ मध्ये, म्हणजे बगदाद वसण्याच्या शंभर वर्षे आधी, सेव्हेरस सेबोख्त हा सीरियातला बिशप भारतीयांच्या नऊ चिन्हांनी करायच्या गणिताची तोंडभरून स्तुती करतो. तेव्हा पहिली पोच द्यायचा मान अब्बासींना नाहीच.

पण पत्र पोचल्यानंतर काय झाले ते पाहा. भारतीय पद्धतीचे गणित धुळीच्या पाटीवर करायचे असे. आपल्याकडे ‘धुळाक्षरे गिरवणे’ हा वाक्प्रचार आजही आहे. धूळपाटीवर अंक पुसून त्या जागी दुसरा लिहिता येतो, म्हणून गणनाच्या रीतीही पुसत जाण्याच्या होत्या. दमास्कसच्या अल-उक्लीदिसीने ९५२ च्या सुमारास लिहिलेल्या अंकगणितात धूळपाटीविरुद्ध तक्रार केली आहे : हात मळतात, वारा आला की सगळे जाते आणि रस्त्यावरचे कुडमुडे ज्योतिषीही तीच वापरतात, ते शोभत नाही. म्हणून त्याने शाई आणि कागदावर, काहीही न पुसता करता येतील अशा रीती मांडल्या. भागाकार किंवा गुणाकार करताना प्रत्येक पायरी कागदावर शिल्लक राहते आणि नंतर चूक शोधता येते, ही सोय या बदलाने आली. त्याच ग्रंथात दशांश अपूर्णांकही वापरलेले आढळतात. टपालवाला पत्र उघडून त्यात असली भर घालत नाही.

उलट बाजूही आहे. या वाटेवर काही मौल्यवान गोष्टी सांडल्या. ब्रह्मगुप्ताने शून्य आणि ऋण संख्यांचे नियम दिले होते. अल-ख्वारिज्मीने मामूनला अर्पण केलेल्या ‘अल-जब्र’ ग्रंथात ऋण संख्या नाहीत. म्हणून त्याला वर्गसमीकरणाचे एक रूप पुरत नाही. सर्व पदे धन राहतील असे सहा प्रकार वेगळे करावे लागतात. चिन्हेही नाहीत, सारे शब्दांत. मात्र त्याने दिलेली भूमितीची सिद्धता अप्रतिम आहे आणि नववी-दहावीच्या वर्गात जरूर काढावी. ‘वर्ग आणि दहा मुळे मिळून एकोणचाळीस’ हे त्याचे उदाहरण. मुळाएवढ्या बाजूचा चौरस काढा. दहा मुळांचे दोन समान भाग करून, पाच रुंदीचे दोन आयत त्याच्या दोन बाजूंना जोडा. आता कोपऱ्यात पाच बाजूचा चौरस कमी पडतो, त्याचे क्षेत्रफळ २५. तो भरला की पूर्ण चौरस झाला ६४ चा, बाजू ८, त्यातून ५ वजा, मूळ ३. ‘पूर्ण वर्ग करणे’ या शब्दांचा अर्थ मुलांना फळ्यावर दिसतो. ही आकृती पाहिल्यावर जनक कोण आणि हमाल कोण या भांडणात निदान गणिताच्या तासाला तरी कोणाला रस उरू नये.

त्रिकोणमितीतल्या ‘साइन’ची गोष्ट अनेकांना ठाऊक असेल. संस्कृत ‘ज्या’ किंवा ‘जीवा’चे अरबीत ‘जीबा’ झाले. अरबी लिपीत ऱ्हस्व स्वर लिहीत नाहीत, दीर्घ ‘ई’ आणि ‘ऐ’साठी अक्षर एकच. म्हणून पुढे कोणीतरी तो शब्द ‘जैब’ असा वाचला. जैब म्हणजे अंगरख्याची गळ्याजवळची खोळ. बाराव्या शतकात लॅटिन भाषांतरात त्याचे ‘सायनस’ झाले. यात एक गंमत सहसा सांगितली जात नाही : हाच ‘जैब’ फारसीमार्गे हिंदुस्तानात येऊन ‘जेब’ झाला. लोकलच्या गर्दीत जेबकतऱ्यापासून खिसा सांभाळणारा विद्यार्थी आणि साइनचे कोष्टक पाठ करणारा विद्यार्थी एकाच शब्दाशी झुंजत असतात.

आता चिंचणी. इंग्लंडमध्ये बसून लिहिणाऱ्याकडून कोकणाची अपेक्षा करता येत नाही. ते काम आपले. अब्बासींचा वारसा म्हटले की आपण बगदादकडून युरोपकडे पाहतो, आणि आपल्या किनाऱ्यावर काय चालले होते ते विसरतो. प्रथम दक्षिण गुजरातेतला नवसारीचा ताम्रपट घ्या. इ.स. ७३८-३९ च्या या लेखात चालुक्य अवनिजनाश्रय पुलकेशी याने ‘ताजिक’ सैन्याचा पराभव केल्याचे वर्णन आहे. ताजिक म्हणजे अरब. दमास्कसमध्ये तेव्हा उमय्या घराणे राज्य करीत होते आणि सिंधमधले त्यांचे अधिकारी दक्षिणेकडे धडक मारीत होते. येथे ताजिक हा शत्रू आहे.

पुढे बगदाद वसले, व्यापार वाढला. ८५१ मध्ये लिहिलेल्या आणि सुलेमान नावाच्या व्यापाऱ्याच्या नावावर असलेल्या वृत्तान्तात जगातील चार थोर राजे सांगितले आहेत. अरबांचा खलिफा, चीनचा सम्राट, रूमचा कैसर आणि चौथा ‘बल्हरा’. बल्हरा म्हणजे वल्लभराज, मान्यखेटचा राष्ट्रकूट. तो अरबांशी स्नेहाने वागतो असेही वृत्तान्त सांगतो. बगदादमध्येच जन्मलेला अल-मसूदी ९१६ च्या सुमारास सैमूरला, म्हणजे रेवदंड्याजवळच्या आपल्या चौलला, स्वतः आला होता. तेथे सुमारे दहा हजार मुसलमान राहतात असे तो लिहितो. आकडा गोल आहे, जपूनच घ्यावा. त्यांत सिराफ, ओमान, बसरा, बगदादहून आलेले आहेत आणि येथेच जन्मलेलेही आहेत, ज्यांना तो ‘बयासिरा’ म्हणतो. त्यांचे तंटे सोडवायला राजाने त्यांच्यातलाच एक प्रमुख नेमलेला आहे. तेथल्या राजाचे नाव तो ‘जंज’ असे देतो. हा उत्तर कोकणचा शिलाहार झंझ. बारा शिवमंदिरे बांधल्याचे श्रेय शिलाहारांचे लेख ज्याला देतात तोच.

मसूदीनंतर दहाच वर्षांनी, शके ८४८, म्हणजे इ.स. ९२६ मध्ये, राष्ट्रकूट तिसऱ्या इंद्राच्या काळात लिहिलेला ताम्रपट चिंचणीला सापडला. डी. सी. सरकार यांनी तो वाचून ‘एपिग्राफिया इंडिका’त प्रसिद्ध केला. संयान, म्हणजे संजाणच्या मंडलाचा अधिकारी त्यात ‘मधुमती’ या नावाने येतो. हा ‘मुहम्मद’चा संस्कृत अवतार. तो ताजिक आहे, त्याला ‘सुगतिप’ असेही नाव आहे, आणि राष्ट्रकूट राजा कृष्ण दुसरा याने त्याला हा अधिकार दिलेला आहे. नदीवर फुकट तरीची सोय आणि येणाऱ्याजाणाऱ्यांना साळीचा भात, कालवण व तूप मोफत देणारे अन्नछत्र त्याच्या कारकिर्दीतले आहे. आणि ताम्रपटाचे मुख्य काम म्हणजे देवीच्या मठासाठी दिलेल्या जमिनीची नोंद.

नवसारी आणि चिंचणी यांत अंतर सव्वाशे किलोमीटरच्या आत आहे आणि काळ दोन शतकांहून कमी. एका पत्र्यावर ताजिक हा हरवलेला शत्रू, दुसऱ्यावर तोच आपला अधिकारी. एकच पत्रा उचलून भाषण ठोकणारे लोक दोन्ही बाजूंना पुष्कळ आहेत. माझ्या मते हे दोन्ही ताम्रपट शाळेत एकाच तासाला शिकवावेत. मोहोरेखाली दबलेला निवडक पुरावा सोडून उरलेला फेकून देणे हे प्रयोगशाळेत चालत नाही, ते इतिहासाच्या तासाला का चालावे?

‘ताजिक’ हा शब्द आणखी एका ठिकाणी टिकला, तो म्हणजे आपल्या फलज्योतिषात. गिरगावातल्या पंचांगवाल्या जोशीबुवांनी मांडलेले वर्षफल हे ‘ताजिक’ पद्धतीचे असते. नीलकंठाने सोळाव्या शतकात संस्कृतात लिहिलेली ‘ताजिकनीलकंठी’ त्याचा आधार. तीतले ‘इत्थशाल’ आणि ‘मुंथा’ हे शब्द म्हणजे अरबी ‘इत्तिसाल’ आणि ‘मुन्तहा’. फलज्योतिषावर माझा काडीचा विश्वास नाही. पण सोवळ्यात बसून इत्थशाल योग सांगणारी व्यक्ती बगदादी दरबारातल्या ज्योतिषांची परिभाषा वापरत असते, ही गोष्ट मला तरी कोणत्याही भविष्यापेक्षा अधिक नवलाची वाटते.

राहिला अस्ताचा प्रश्न. १२५८ मध्ये हुलागूने बगदाद लुटले आणि विज्ञान संपले, हेही एक पाठ केलेले वाक्य. खलिफांची खरी सत्ता ९४५ मध्येच बुयी सरदारांच्या हाती गेली होती. ज्यांच्यासाठी हे युग ‘सुवर्ण’ म्हणवते त्यांतले बरेच जण अब्बासींच्या छत्राखाली नव्हतेच : इब्न अल-हैथम फातिमींच्या कैरोत, अल-बीरूनी गझनीत, इब्न सीना बुखारा आणि हमदानला. आणि बगदाद उद्ध्वस्त करणाऱ्या हुलागूनेच दुसऱ्या वर्षी नसीरुद्दीन तुसीला मराघा येथे वेधशाळा बांधायला पैसा दिला. त्या परंपरेतले ग्रहगणित पुढे समरकंदला उलुगबेगपर्यंत आणि अठराव्या शतकात सवाई जयसिंगाच्या जंतरमंतरपर्यंत पोचते. अल-खलीली मराघाला स्वतंत्र प्रकरण देतात, ही त्यांची जमेची बाजू.

पुस्तक शाळेच्या ग्रंथालयात घ्यावे. अंक, बीजगणित आणि इब्न अल-हैथम यांवरची प्रकरणे वरच्या वर्गातले विद्यार्थी शिक्षकांच्या मदतीने वाचू शकतील. ज्ञानगृहाचे प्रकरण शिक्षकांनी आधी गुटास चाळून मगच हाती घ्यावे. तो ग्रंथ जड आहे, पण पहिला अर्धा भाग पुरे. आजच्या इस्लामी जगातील विज्ञानावरचे शेवटचे प्रकरण घाईत लिहिल्यासारखे वाटते; ते सोडले तरी चालेल.